सहाशेची नळी

यवतमाळहून धामणगावकडे जाणारा रस्ता बाभुळगावातून जातो. तालुक्यात कुठेही त्या रस्त्यावरून खाली उतरा आणि एखाद्या पांदणीला लागा. दोन वावरांच्या मधून, धुऱ्यावरच्या बाभळींचे काटे चुकवत जाणारी ती वाट कुठे ना कुठे नाला ओलांडतेच. तिथे कधी रपटा असतो, म्हणजे पाणी वरून वाहून जाऊ द्यायचे असे गृहीत धरून तळाला टाकलेला सिमेंटचा पट्टा. कधी मोरी असते: सिमेंटच्या एक-दोन नळ्या, दोन्ही तोंडांना दगडी भिंत आणि वर मुरूम. कागदावर नळी मिलिमीटरमध्ये मोजतात. तोंडी मात्र ‘सहाशेची नळी’ आणि ‘नऊशेची नळी’ एवढेच.

या दोन नळ्यांतला फरक एकदा नीट पाहण्यासारखा आहे. सहाशेपेक्षा नऊशेचा व्यास दीडपट. पण उतार तोच ठेवला, तर भरून वाहणारी नऊशेची नळी सहाशेच्या जवळपास तिप्पट पाणी सोडते. तोंड मोठे होते आणि पाण्याचे काठाशी घासणेही त्या मानाने कमी होते, म्हणून हा हिशेब दीडपटीवर थांबत नाही. खर्च मात्र तिप्पट होत नाही. खोदाई, मजुरी, तोंडाच्या भिंती आणि मुरमाची वाहतूक हे दोन्हीकडे लागतेच. वरचा फरक असतो तो नळीच्या किमतीचा आणि थोड्या भरावाचा. म्हणजे थोड्या जास्त पैशात तिप्पट पाण्याची सोय होते.

असे असूनही वाहून गेलेल्या सहाशेच्या जागी पुन्हा सहाशेच का बसते? हवामान बदलाचा खर्च गावाच्या वहीत कुठे आणि कसा लपतो, हे समजून घ्यायला मला या प्रश्नाइतका सोपा दरवाजा दुसरा सापडलेला नाही.

आधी पावसाचे. यवतमाळ जिल्ह्यात वर्षाला सरासरी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा आकडा ऐकून काहीच कळत नाही. तो साठ-सत्तर दिवसांत विभागून पडला तर कपाशी आणि तूर दोन्ही तरतात. त्यातला मोठा वाटा चार-पाच दिवसांतच कोसळला तर नाल्याकाठचे वावर खरडून जाते, आणि मधल्या तीन आठवड्यांच्या उघडिपीत पऱ्हाटी माना टाकते. सरासरी दोन्ही वर्षी तीच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या टापूवर कोसळणाऱ्या अतितीव्र पावसाच्या घटना तिपटीने वाढल्या, असे त्यांना आढळले. त्यांनी आखलेल्या चौकोनात यवतमाळही येते. कारणही समजायला अवघड नाही. हवा एका अंशाने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावते. आभाळाची घागर मोठी झाली, की ती उपडी होताना धारही मोठीच लागते.

आता मोरी कशी ठरते ते पाहा. नाल्याला किती रानातले पाणी येते, उतार किती, माती कोणती, आणि पंचवीस किंवा पन्नास वर्षांत एकदा येईल असा मोठा पाऊस किती धरायचा, यावरून अभियंता नळीचा घेर काढतो. त्यातला ‘पंचवीस वर्षांत एकदा’ हा आकडा मागच्या नोंदींवरून येतो. पाऊस बदलला तर जुना पंचवीस वर्षांचा पाऊस दहा-बारा वर्षांतच पुन्हा दारात उभा राहतो. अभियंत्याचे गणित चुकलेले नसते. त्याने जे वर्ष धरून गणित मांडले, ते वर्षच आता उरलेले नाही. बऱ्याच पांदणींवर तर असे गणितही कुणी मांडलेले नसते. जिल्हा परिषदेच्या गोदामात उरलेली किंवा शेजारच्या कामातून वाचलेली नळीच तिथे गेलेली असते. हेही खरे बोलून टाकायला हवे.

22 जुलै 2023 ला यवतमाळ जिल्ह्यावर असा पाऊस कोसळला की महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्यावर अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरे बोलवावी लागली. हेलिकॉप्टरांची बातमी देशभर गेली. त्याच पावसात जिल्ह्यात जागोजागी ज्या लहान मोऱ्या, रपटे आणि पांदणी गेल्या, त्यांची बातमी होत नाही. त्यांचा पंचनामा होतो.

पंचनाम्यापुढचा रस्ता ठरलेला आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की ती अतिवृष्टी धरतात. पिकाचे नुकसान तेहतीस टक्क्यांहून जास्त असले की शेतकऱ्याला राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून ठरलेल्या दराने मदत मिळते. केंद्राच्या 2022 च्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी 8,500 रुपये होते, तेही दोन हेक्टरपर्यंत. हा दर पुरेसा आहे का, यावर गावागावात भांडण आहे आणि ते रास्त आहे. तरी शेतकऱ्याच्या नावाने निदान एक रकाना आहे. रस्त्याच्या रकान्यात काय होते? 2015 च्या निकषांत ग्रामीण रस्त्याच्या दुरुस्तीसाठी किलोमीटरमागे साठ हजार रुपये धरले होते, आणि तेही तातडीच्या डागडुजीसाठी. रस्ता सुरू व्हावा एवढाच त्या पैशाचा हेतू. रस्ता होता तसा करायचा, तर होती तीच नळी टाकायची.

पुढच्या पावसाला पुरेल असा वाढीव घेर कोणत्याही निकषात सहजी बसत नाही. आपत्तीच्या खात्याच्या मते ती ‘सुधारणा’ असते, दुरुस्ती नव्हे. विकासाच्या खात्याच्या मते ते आपत्तीचे काम. सहाशे आणि नऊशे यांच्यामधली रक्कम अशी दोन खात्यांच्या सांध्यात पडून राहते. हवामान बदलाशी जुळवून घेण्याचा खर्च म्हणजे नेमकी ही रक्कम.

त्यात पांदण कुणाची हाही घोळ आहे. राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. पांदणीला बहुतेक ठिकाणी क्रमांकच नसतो. ती नकाशावर तुटक रेघ असते आणि प्रत्यक्षात कुणाच्या तरी धुऱ्यात सरकलेली असते. 2021 मध्ये राज्याने या वाटांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना काढली.

बरे, हा फरक ग्रामपंचायतीने स्वतः भरावा म्हटले, तर तिच्याकडे काय असते? रिझर्व्ह बँकेने 2024 च्या जानेवारीत देशातल्या पंचायतींच्या वित्तव्यवस्थेवर एक अहवाल काढला. 2022-23 या वर्षात एका पंचायतीला स्वतःच्या करांतून सरासरी 21 हजार रुपये मिळाले. भाडे, फी, बाजार अशा करेतर मार्गांनी आले 73 हजार. केंद्राच्या अनुदानातून सुमारे 17 लाख आणि राज्याकडून सव्वातीन लाख. वर्षभराचे स्वतःच्या करांचे 21 हजार म्हणजे गावातल्या एखाद्या लग्नाच्या मांडवाचा खर्चही नाही. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायती घरपट्टी-पाणीपट्टीच्या वसुलीत इतर अनेक राज्यांपेक्षा बऱ्या आहेत, पण चित्र उलटे होईल इतक्या नाहीत. ज्या वर्षी कपाशी बुडते त्या वर्षी घरपट्टीही बुडते. गावाचा खर्च वाढतो तेव्हाच त्याचे उत्पन्न घटते. मुंबईच्या एखाद्या कंपनीला असला ताळेबंद दाखवला तर ती दुसऱ्या दिवशी कुलूप लावील.

केंद्राचे अनुदान येते ते वित्त आयोगातून. एन. के. सिंह यांच्या अध्यक्षतेखालच्या पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या पाच वर्षांसाठी देशातल्या ग्रामीण स्थानिक संस्थांना 2,36,805 कोटी रुपये दिले. आकडा डोळे दिपवणारा आहे. त्यातली साठ टक्के रक्कम मात्र बंधित होती: अर्धी पिण्याच्या पाण्यासाठी, अर्धी स्वच्छतेसाठी. उरलेल्या चाळीस टक्क्यांवर सगळ्यांचाच डोळा. अंगणवाडीची गळती, स्मशानभूमीचे शेड, गावातली नाली, दिवाबत्ती आणि तुमची ती मोरी, सगळे तिथेच. 2021 मध्ये तर पथदिवे आणि पाणीपुरवठ्याची थकीत वीजबिले याच निधीतून भरा, असा आदेश राज्यात निघाला आणि सरपंचांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. भर म्हणजे 2022 मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपून तिथे प्रशासक आले. निवडून आलेले सदस्य असणे ही तर अनुदानाची अट. वरच्या पायरीवरचा पैसा असा अडला.

उरलेल्या पैशात मोरी होण्याऐवजी गट्टू, म्हणजे फरसबंदीचे सिमेंटचे ठोकळे, बसतात, ही माझी जुनी तक्रार. गट्टू गावात दिसतात आणि त्यांच्यासमोर उभे राहून फोटो काढता येतो. नाल्यातली नळी जमिनीखाली असते आणि ती फुटेपर्यंत कुणाला आठवत नाही. शिवाय गट्टूंच्या आणि सिमेंट रस्त्याच्या दर थराने रस्ता चार बोटे वर येतो आणि घराचा उंबरठा तेवढाच खाली जातो. पावसाचे पाणी जमिनीत मुरायचे ते घरात शिरते. जुळवून घ्यायचे सोडून आपण उलट दिशेला पैसे खर्च केले, तेही हौसेने.

आता कोरड्या बाजूला वळू. तिथे तर खर्च मोजायची वहीच तयार आहे, आणि ती फार जुनी आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात दरवर्षी टंचाई आराखडा होतो. त्याचे तीन टप्पे: ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. प्रत्येक गावापुढे उपाय लिहायचा: खासगी विहिरीचे अधिग्रहण, विहिरीतला गाळ काढणे, विंधन विहीर, नळ योजनेची विशेष दुरुस्ती, तात्पुरती पूरक योजना आणि शेवटी टँकर. त्या उपायांच्या याद्या वर्षानुवर्षे जपून ठेवल्या तर हवामान बदलाचा याहून खरा ताळेबंद मिळणे कठीण. कोणते गाव आधी तिसऱ्या टप्प्यात यायचे आणि आता दुसऱ्याच टप्प्यात येते, हे त्यातून कळते.

टँकरचा हिशेब बोटांवर होतो. माणशी रोज वीस लिटर धरायचे. हजार वस्तीच्या गावाला रोज वीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरच्या टँकरच्या दोन खेपा. दोन महिने चालले तर एकशे वीस खेपा. प्रत्येक खेपेला डिझेल, चालक, भरण्याच्या ठिकाणची वीज. जून उजाडला, पाऊस पडला की हा सगळा पैसा वाफ होऊन जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढाच लागतो. त्याच गावाची उद्भव विहीर खोल केली, वरच्या अंगाला पाणी अडवले, जलवाहिनीची गळती बंद केली तर खर्च एकदाच. पण टँकरला टंचाईतून पैसा लगेच मंजूर होतो, गळतीला अंदाजपत्रक लागते, तांत्रिक मान्यता लागते, निविदा लागते. सरकार संकटाला चटकन पैसे देते. संकट येऊच नये म्हणून पैसे मागा, ते फाईल मागते.

बाभुळगावची गोष्ट इथे जरा तिरकस होते. तालुक्यातच खडक सावंग्याजवळ बेंबळा नदीवर मोठे धरण आहे. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणे आटली. शहर टँकरवर आले, रात्री-बेरात्री माणसे भांडी घेऊन रांगेत उभी राहिली. उपाय म्हणून बेंबळ्याचे पाणी जलवाहिनीने शहरात आणायचे काम अमृत योजनेतून सुरू होते, खर्च तीनशे कोटींच्या घरात. ते लांबले, चाचणीत पाइप फुटले, लोकांनी मोर्चे काढले. एका जिल्ह्याच्या शहराला एका कोरड्या वर्षाशी जुळवून घ्यायची किंमत अशी शेकडो कोटींत जाते, आणि ती मोजायला दुसरा कुठला अहवाल लागत नाही.

पण पाणी ज्या तालुक्यातून जाते, त्या तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांचे काय? त्यांच्या नळ योजना जलजीवन मिशनमधून व्हायच्या. 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालेल्या या योजनेत माणशी रोज 55 लिटर पाण्याचे वचन आहे. गावातल्या कामाच्या भांडवली खर्चाचा दहा टक्के हिस्सा लोकवर्गणीचा, आणि योजना पूर्ण झाली की देखभाल ग्रामपंचायतीची. देखभाल हा सौम्य शब्द आहे. त्याचा अर्थ पंप जळणे, विजेचे बिल, पाणी सोडणाऱ्याचा पगार, तुरटी आणि ब्लीचिंग. भूजल जितके खाली जाईल तितका पंप जास्त वेळ चालतो. पाणी पूर्वीइतकेच येते, बिल मात्र मोठे येते. यवतमाळच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा पाण्याची गरजही वाढते आणि पंपावरचा ताणही. या वाढीव बिलावर ‘हवामान बदल’ असा शिक्का नसतो. ते फक्त थकबाकी म्हणून दिसते, आणि एके दिवशी जोडणी कापली जाते.

खुद्द बाभुळगाव आता ग्रामपंचायत नाही. तालुक्याच्या गावांना नगरपंचायती करण्याचे धोरण राज्याने 2014 मध्ये ठरवले, आणि सतरा प्रभागांची नगरपंचायत तिथे आली. त्यासोबत ग्रामपंचायत अधिनियम जाऊन 1965 चा नगरपरिषद अधिनियम आला, ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी आले. गावाचा स्वभाव मात्र अधिसूचनेने बदलत नाही. हद्दीत वावरे आहेत, बैलबंड्या आहेत, नाले आहेत. ग्रामविकास खात्याच्या योजना बंद आणि शहरांच्या योजनांत हे सगळ्यात लहान भावंड, अशी गत. पूररेषा, नाल्यांची आखणी, उन्हाळ्यात सावली आणि पाण्याची सोय हे सगळे कागदोपत्री नगरपंचायतीचे काम. ते आखायला लागणारे अभियंते, नकाशे आणि पावसाच्या नोंदी मोठ्या महापालिकांकडे असतात.

मोठ्या महापालिका काय करतात तेही बघू. मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये आपला हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि 2024 मध्ये पहिला हवामान अर्थसंकल्प मांडला. 2024-25 च्या भांडवली खर्चातले 10,224 कोटी रुपये, म्हणजे सुमारे बत्तीस टक्के, हवामानाशी निगडित असल्याचे त्यात म्हटले. ऑस्लो, लंडन, न्यूयॉर्कच्या पंगतीत मुंबई बसली, असे कौतुकही झाले. हे पैसे नवे नव्हते. पर्जन्यवाहिन्या, सांडपाणी प्रक्रिया, पाणीपुरवठा यांवर जो खर्च व्हायचाच होता, त्यातला हवामानाचा भाग वेगळ्या रंगाने अधोरेखित केला, इतकेच. तरी मी त्याला थट्टेत काढणार नाही. खर्चावर नाव लिहिले की तो मागता येतो. बाभुळगावच्या नगरपंचायतीने किंवा तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीने आपल्या अंदाजपत्रकात एक साधा रकाना वाढवला, ‘पाऊस-उन्हामुळे वाढलेला खर्च’, आणि त्यात मोरीची दुरुस्ती, पंपाचे वाढीव बिल, अधिग्रहित विहिरीचे पैसे टाकले, तर पाच वर्षांत त्यांच्या हाती असा कागद असेल जो आज मंत्रालयातही नाही. त्याला सल्लागार कंपनी लागत नाही. दोनशे पानी वही आणि मुरलेला कारकून पुरे.

राज्याने काहीच केले नाही असे नाही. जून 2020 मध्ये पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ हे शब्द आले आणि त्याच वर्षी गांधी जयंतीला माझी वसुंधरा अभियान सुरू झाले. पंचमहाभूतांच्या नावाने स्थानिक संस्थांची स्पर्धा होते, जिंकणाऱ्यांना बक्षीस मिळते. स्पर्धेला माझी हरकत नाही. पण जी ग्रामपंचायत स्पर्धेचे कागद नीट भरू शकते तिलाच पैसा, आणि जिचा ग्रामसेवक तीन गावे सांभाळतो तिला प्रशस्तिपत्रही नाही, हा न्याय उफराटा आहे.

त्याहून मोठे काम नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाचे, म्हणजे आपल्या ‘पोकरा’चे. 2018 मध्ये जागतिक बँकेने 42 कोटी डॉलरचे कर्ज दिले आणि सुमारे चार हजार कोटींचा हा प्रकल्प पंधरा जिल्ह्यांतल्या पाच हजारांवर गावांत उतरला. यवतमाळ त्यात आहे. हवामानाशी जुळवून घेण्यासाठी देशात झालेल्या मोठ्या प्रयत्नांपैकी हा एक. गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडायची रीत आयआयटी मुंबईच्या मदतीने बसवली. ठिबक, शेततळे, रुंद सरी-वरंबा, बीजोत्पादन यांना अनुदान दिले. गावच्या समितीचा अध्यक्ष सरपंच. तरी पैशाचा मोठा ओघ वैयक्तिक लाभाकडे गेला: शेतकऱ्याने आधी खर्च करायचा आणि मग अनुदान त्याच्या खात्यात. ज्याच्याकडे आधी खर्चायला पैसे आहेत त्याचे वावर पावसाला तयार झाले. सगळ्यांनी मिळून वापरायची पांदण, नाला आणि मोरी तशीच राहिली. समितीची खुर्ची सरपंचाची होती, तिजोरीची किल्ली नव्हती.

आणि पाणी अडवण्यावर नुसता पैसा ओतला की काम झाले, असेही नाही. जलयुक्त शिवार अभियानावर 9,633 कोटी रुपये खर्च झाल्याचे कॅगने 2020 मध्ये नोंदले आणि भूजलावर त्याचा फारसा परिणाम दिसत नाही, असे सांगितले. बांधलेल्या कामांची देखभाल कुणी आणि कोणत्या पैशातून करायची, हा तिथलाही दुखरा सांधा. बंधारा बांधायला सरकार, गाळ काढायला ग्रामपंचायत. नळी टाकायला सरकार, नळीतला काडीकचरा काढायला पुन्हा ग्रामपंचायत.

जगाच्या पातळीवर हीच गोष्ट जास्त शून्यांनी सांगितली जाते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2025 च्या अहवालानुसार विकसनशील देशांना 2035 पर्यंत जुळवून घेण्यासाठी वर्षाला 310 ते 365 अब्ज डॉलर लागतील. 2023 मध्ये श्रीमंत देशांकडून आणि संस्थांकडून यासाठी आलेला सार्वजनिक पैसा होता 26 अब्ज. म्हणजे गरज आलेल्या पैशाच्या बारा ते चौदा पट. त्या सव्वीस अब्जांतला किती वाटा खडक सावंग्याच्या नाल्यापर्यंत पोचला असेल, याचे उत्तर नाला बघूनच मिळते.

आपल्याकडची खिडकी अगदीच बंद नाही, ती किलकिली तरी आहे. पंधराव्या वित्त आयोगाने राज्यांच्या आपत्ती निधीतला पाचवा हिस्सा ‘शमन निधी’ म्हणून बाजूला काढायला सांगितले. संकट येण्याआधी त्याची धार बोथट करण्यासाठीचा हा पैसा. सहाशेची नळी काढून नऊशेची टाकायला तत्त्वतः हेच खाते. पण प्रस्ताव जिल्ह्यातून राज्यात जातो, तिथे मोठे पूल आणि मोठ्या भिंती शर्यतीत असतात, आणि चाळीस हजारांच्या फरकासाठी सविस्तर प्रकल्प अहवाल कोण लिहिणार? त्यावर तोड म्हणजे तालुक्यातल्या सगळ्या लहान मोऱ्यांचा एकच प्रस्ताव. पंचायत समितीच्या उपअभियंत्याने गावोगावच्या गेल्या दहा वर्षांतल्या वाहून गेलेल्या जागा नकाशावर ठिपक्यांनी मांडल्या की तो जवळपास तयारच असतो. एक जागा तीनदा वाहून गेली असेल तर तिथे आपण एका नळीचे पैसे तीनदा भरले आहेत. चौथ्यांदा सहाशेची टाकणारा अंदाजपत्रकात बसतो, नऊशेची मागणारा बसत नाही. सोळाव्या वित्त आयोगाचा कालावधी 1 एप्रिल 2026 पासूनचा आहे. अशा याद्या घेऊन जिल्हा नियोजन समितीत बसायची हीच वेळ.

पैसा कुठून, असे विचारणाऱ्यांना एक जुनी आठवण करून द्यावीशी वाटते, कारण ती याच मातीतली आहे. 1972 च्या दुष्काळात महाराष्ट्रात लाखो माणसे खडी फोडायला गेली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीला सरकारने नंतर कायद्याचे रूप दिले. विधिमंडळाने 1977 मध्ये तो केला, 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. पण त्याआधीच पैशाची सोय झाली होती. 1975 मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला. शहरातल्या नोकरदाराच्या, डॉक्टरच्या, वकिलाच्या उत्पन्नातून थोडे कापायचे आणि ते रोजगार हमीला द्यायचे, आणि सरकारने तेवढीच भर घालायची. बाहेरच्या बँकेचे कर्ज नाही, परदेशी निधी नाही. दादरच्या पगारातून दारव्ह्याची विहीर खोदली जावी अशी ही सरळ व्यवस्था होती, आणि ती चालली.

तो कर आजही आहे. आपली पगाराची चिठ्ठी काढून पाहा. कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ लिहिलेले असेल: महिन्याला 200 रुपये, फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2,500. राज्यघटनेने ठरवलेली ही कमाल मर्यादा 1988 मध्ये वाढली होती. त्यानंतर ती हललेली नाही.